शेवरा

शाळेनं निरोप धाडला, सोल्डर मारायला माणूस पाहिजे.
म्हटलं येतो.
एकतीस वर्षं मोटारी भरतोय उदगिरात,
अर्ध्या तालुक्याच्या बोअरांचा जळका वास
माझ्या नखांत आहे.

सतरंजीवर तेरा लेकरं,
आणि लातूरहून आलेल्या मेहजबीन मॅडम,
वय माझ्या दुकानातल्या पंख्याएवढं.
टेबलावर दोन पिवळ्या मोटारी, अंगठ्याएवढ्या.
पाच हॉर्सपॉवर खांद्यावर वाहिलेल्या माणसाला
त्या कानातल्या डुलासारख्या वाटल्या.
हसलो. मॅडमनं पाहिलं. मग नाही हसलो.

अंग म्हणजे पांढऱ्या सनमायकाचा तुकडा.
पुढचं चाक पेटीत नव्हतंच.
शिवकांतानं भावाच्या रोल-ऑनच्या बाटलीतला गोळा
नखानं उचकटून आणला,
भाऊ आठवडाभर तसाच कॉलेजात गेला म्हणे.

"ह्याचे डोळे कुठंत?" मी विचारलं.
मसुरीएवढे दोन दोन दिवे होते, पोटाखाली.
एक न दिसणारा उजेड सोडतो,
दुसरा परत आलेला मोजतो.
पांढऱ्यावरून उजेड माघारी येतो,
काळं गिळून बसतं.
एवढंच त्याचं बघणं.

मग मॅडमनं फळ्यावर लिहिलं, आधी मराठीत:
जर डाव्या डोळ्याला काळं दिसलं, डावं चाक थांबव.
जर उजव्याला दिसलं, उजवं.
नाहीतर, चाल.

लेकरं उतरवून घेऊ लागली.
मी तिथंच अडकलो.
आमच्या घरात तो शब्द पुढं कधी गेलाच नाही.
गप बस, नाहीतर.
परत ये वेळेत, नाहीतर.
बापाचा हात हवेत थांबायचा, तेच उरलेलं वाक्य.
आणि इथं खडूनं, सरळ अक्षरात,
त्याच्यापुढं लिहिलेलं: चाल.

पहिल्यांदा सोडलं तर जागच्या जागी गिरकी.
"गरगर फिरूलालंय सर!"
पोरांनी प्रोग्राम तीनदा वाचला.
मी वाचला नाही, उलटं करून तारा बघितल्या.
एका मोटारीचा लाल काळ्याच्या जागी.
दोन डाग, एक फुंकर.
दिवसभरातलं माझं काम एवढंच.

मग निघालं.
फरशीवर चिकटवलेल्या काळ्या टेपवरून,
नुकत्या शिकलेल्या सायकलीसारखं हेलकावत,
आणि तिसऱ्या वळणावर सरळ जाऊन
पाण्याच्या जारला धडकलं.
पुन्हा सोडलं. पुन्हा तिथंच, पुन्हा जार.
मॅडमनं आकडा बदलला, पाचशेचा सहाशे.
इस्माईल म्हणाला, टेप खराब आहे.
शिवकांता पोटावर पालथी पडली,
गाल फरशीला टेकवून, त्याच्या उंचीवरून बघत राहिली.
बराच वेळ.
"इथं ऊन सांडलंय."

पत्र्याला खिळ्याएवढं भोक.
टेपवर उन्हाचा एक रुपया.
त्या रुपयात काळंही त्याला पांढरंच दिसत होतं.
इस्माईल पत्र्यावर चढायला निघाला, त्याला धरलं.
शिवकांतानं उदबत्तीचा पुडा कापून,
शाईनं काळा करून, दोन्ही डोळ्यांना आडोसा केला.
घाण्याच्या बैलाला झापड बांधायचे
तेव्हा दिसू नये म्हणून बांधायचे.

रुपयावरून ते गेलं.
थोडं अडखळलं, पण गेलं.
कुणी टाळी वाजवायच्या आत नागनाथ ओरडला,
"शेवरा हाय ह्यो!"
त्यांच्या गोठ्यात देवणी आहेत, त्याला कळणारच:
पांढऱ्या अंगावर जिथं तिथं काळ्या टेपचे तुकडे.
नाव पडलं.
नवव्या फेरीला बॅटरी मेली,
शेवरा वळणावरच बसला.

संध्याकाळी दुकानात एक जळकी मोटार आली,
टेम्पोतून, ओली.
मी वेढे मोजत होतो, बेचाळीस, त्रेचाळीस.
"कधी देता?" तो माणूस म्हणाला.
म्हटलं, उद्या. नाहीतर

आणि तो शब्द थोडा वेळ तोंडातच धरला,
पुढं काय लिहायचं ते बघत.